मला चेपून देखणं केलं

मित्रांनो, मी गोष्टींचा एक जुना ग्रंथ आहे, पण माझ्या अंगावर शाईचा थेंबसुद्धा नाही. माझी अक्षरं म्हणजे जाड कागदातून वर उठलेले ठिपके. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, ते ब्रेल शिकतात आणि बोटं फिरवून मला वाचतात. म्हणजे वाचतील, असा बेत होता. पुढे जे झालं ते सांगताना माझी मान खाली जाते. ग्रंथाला कुठली आलीय मान, असं म्हणाल. नसेल. पण लाज असते.

ब्रेलच्या छापखान्यात एक यंत्र कागदाला खालून टोचून माझा एकेक ठिपका उभा करत होतं. तिथून निघालो तेव्हा मी लोडासारखा फुगलेला होतो, आणि त्या फुगण्याचा मला गर्व होता. ठिपक्यांना उभं राहायला जागा लागते ना!

मग एका सार्वजनिक वाचनालयानं मला विकत घेतलं. 'आता आमच्याकडे अंधांचीही सोय' असं त्यांना म्हणायचं होतं. या वाचनालयाची एक शिस्त होती. नवीन पुस्तक कोणाच्याही हाती पडण्याआधी बांधणीवाल्याकडे जाई. तो त्याला जाड पुठ्ठा चढवी आणि रात्रभर लोखंडी शिकंज्यात आवळून ठेवी.

माझ्यावरून हात फिरवून बांधणीवाला थबकला. "साहेब, हे सगळं खडबडीत आहे. दाबू का?"

ग्रंथपाल साहेबांनी मान वर केली नाही. "सगळ्या पुस्तकांना एकच नियम. याला काय सोनं लागलंय?"

त्यानं शिकंजा पिळला. मी जाडा म्हणून जरा जास्तच पिळला. सकाळी बाहेर आलो तो निम्मा होऊन. काही ठिपके पार सपाट झाले होते, काही अर्धमेले उरले होते.

"वा!" साहेब म्हणाले. "कसं देखणं झालं! आता कपाटात बरोबर मावेल."

मित्रांनो, माझी जीभ चिरडली होती आणि ही माणसं माझ्या कमरेचं कौतुक करत होती! त्यांच्या मनात पाप असतं तर मी निदान शिव्या तरी दिल्या असत्या. पण पाप नव्हतं. ज्यांच्यासाठी मला आणलं, त्यांच्यातल्या एकालाही बोलावून 'बघा बरं, नीट आहे का' असं विचारायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मला काचेच्या कपाटात ठेवलं. पाहुणे यायचे, माझ्या पुठ्ठ्यावर हात ठेवून फोटो काढायचे, 'फार मोठं काम' म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. मला उघडलं कोणीच नाही. त्या कौतुकानं माझी पानं जळत होती.

अशी बरीच वर्षं गेली. मग एके दिवशी एक बाई आली. वेताच्या खुर्च्या विणणं हा तिचा धंदा. लेकीच्या जन्मानंतर आजारपणात तिची दृष्टी गेली होती. रोज काम आटोपल्यावर ती हट्टानं ब्रेल शिकली होती, ते एकाच गोष्टीसाठी. लेकीला पुस्तकातली गोष्ट स्वतः वाचून दाखवायची होती. लेकीला ती चिमणी म्हणायची.

घरी तिनं मला मांडीवर उघडलं. चिमणी शेजारी चिकटून बसली.

"एका..." बाईचं बोट अडलं. "एका..."

"एका काय?"

"थांब गं, घाई कसली!"

"आई, तुला येत नाही का? बाबा तर धडाधडा वाचतात."

"तुझे बाबा डोळ्यांनी वाचतात. फुकटात मिळालेत त्यांना!" बाई हसली, पण बोट पुढे सरकेना. तिनं हात गरम पाण्यात बुडवले, पुसले, पुन्हा लावले. एखादा शब्द लागे आणि पुढची ओळ कोरी.

शेवटी तिनं मला मिटलं. "वेतानं खाल्ली गं माझी बोटं," ती म्हणाली. चिमणी उठून खेळायला गेली.

मी ओरडणार कसा? बोटं चांगली होती, मी मुका होतो. पण दोष तिनं स्वतःच्या पदरात घेतला.

दुसऱ्या दिवशी ती चिमणीला घेऊन मला परत करायला आली. "घ्या साहेब. माझ्याच बोटांत जीव उरला नाही. आता नाही हे ब्रेलचं खूळ."

"असू द्या ताई," साहेब प्रेमानं म्हणाले. "सगळ्यांनाच जमतं असं नाही."

हे प्रेम शिकंज्याहून जड होतं.

ती निघाली. दाराशी चौकट चाचपताना तिच्या बोटांना गार पत्रा लागला. वाचनालयानं नुकतीच ठोकलेली ब्रेलची पाटी होती ती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिचं बोट पाटीवरून एकदा फिरलं, दुसऱ्यांदा फिरलं आणि ती तिथूनच ओरडली, "साहेब, इकडे या! आणि ते पुस्तक घेऊन या."

तिनं त्यांचं बोट धरून पाटीवर टेकवलं. "टोचतंय?" मग माझ्या पानावर. "आणि आता?"

साहेबांनी पानावर पुन्हा बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "बांधणीत... दाबलं आम्ही."

"वाचायचं पुस्तक दिलंत की इस्त्रीचे कपडे?"

"चुकलं ताई. नवीन मागवतो. बांधणीला पाठवणार नाही, आधी तुम्हालाच दाखवीन."

"मागवालच, मी सोडते की काय! पण आधी माझ्या लेकीला सांगा, चुकलं कोणाचं."

भर वाचनालयात साहेब चिमणीसमोर वाकले. "तुझ्या आईला छान वाचता येतं, बाळा. पुस्तक आम्ही बिघडवलं."

चिमणीनं आईचा पदर ओढला. "मग त्या पाटीवर काय आहे? वाच ना."

आईनं बोट टेकवलं आणि न अडखळता वाचलं, "सर्वांचे स्वागत आहे."

"अजून एकदा!"

माझ्या पोटात इतक्या गोष्टी होत्या आणि त्या पोरीला आईनं पहिल्यांदा वाचून दाखवली ती एक पत्र्याची पाटी. मित्रांनो, याहून मोठी शरम कुठल्या ग्रंथाला असेल?

म्हणून विनवतो. माझ्या जातीची पुस्तकं आवळू नका, त्यांच्यावर ओझी रचू नका. आणि ज्याच्यासाठी सोय करता त्यालाच आधी विचारा. तो 'मला जमत नाही' म्हणाला, तर त्याची समजूत काढू नका. आधी तुमची सोय तपासा.