कानावरच्या दोन खाचा

कांदा निघाला की पिंपळवंडीच्या सयाजीचा बाप पहिला निरोप धर्माजीला धाडायचा. मेंढ्या आमच्याच वावरात बसवा, दुसऱ्याला शब्द देऊ नका. मग धर्माजी आणि त्याची बायको भिमाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून निघायची. चार दिवस मेंढ्या तिथे बसायच्या आणि लेंडीखतावर पुढचं पीक असं यायचं की बघत राहावं. सयाजीची आई पाटीभर ज्वारी आणि वर गुळाचा मोठा खडा द्यायची. लहानगा सयाजी कोकरू काखेत धरून बसायचा आणि द्यायला नको म्हणायचा.

धर्माजीला जाऊन पंधरा वर्षं झाली होती, पण भिमाबाईला ते सगळं कालच्यासारखं आठवे. म्हणून राजुरीच्या शिवारात त्या सकाळी सयाजीची पांढरी गाडी बांधाला लागली, तेव्हा तिने आधी चुलीवर चहाचं भांडं ठेवलं.

तिचा मुलगा जालिंदर मात्र उठून उभा राहिला. त्याने हातातला फोन बायकोकडे, आशाकडे दिला आणि तिला मेंढ्यांच्या जाळीकडे जायला खुणावलं.

जालिंदर दहा वर्षं सयाजीकडे फिटर होता. सयाजी जुने बॉयलर विकत घ्यायचा आणि दुरुस्त करून पुढे विकायचा. एका बंद पडलेल्या साखर कारखान्याचा बॉयलर आला, तेव्हा जालिंदरने त्याची नळी न् नळी हातोडीने वाजवून पाहिली. चांगली नळी खणकन वाजते, आतून झिजलेली बद्द. बद्द वाजलेल्या प्रत्येक नळीच्या तोंडाशी त्याने सयाजीला दाखवून छिन्नीने दोन खाचा पाडल्या, एकीखाली एक. खूण त्याच्या बापाची होती. धर्माजीच्या मेंढरांच्या डाव्या कानाला एक खाच असायची. मेंढरू रोगट निघालं की तिच्याखाली दुसरी पडायची. दोन खाचांचं मेंढरू धर्माजीने कधी बाजारात नेलं नाही की कुणाच्या ताटात पडू दिलं नाही.

नळ्या न बदलताच त्यांवर रंग चढला आणि तोच बॉयलर झांबियातल्या एका सरकारी साखर कारखान्यात गेला. बसवायला जालिंदरलाच धाडलं. तिथे रंगावरून बोट फिरवताना त्याला खाचा लागल्या. त्याने सयाजीला फोन केला. सयाजी हसला. म्हणाला, मालक सरकार आहे, म्हणजे मालकच नाही. खरेदीवर सही करणारा मंत्र्याचा मेहुणा आहे, तो काय हातोडी घेऊन यायचा नाही. जालिंदरने बॉयलर पेटवला आणि घरी आला.

चौथ्या महिन्यात बॉयलर फुटला. नऊ माणसं गेली. जालिंदरबरोबर दीड महिना एका ताटात मक्याचा घाटा खाणारा मुलेंगा त्यांतलाच. तिकडच्या कामगारांनी फोटो पाठवले होते. मुलेंगाच्या हाताची कातडी मनगटापासून मोज्यासारखी उतरून बोटांना लोंबत होती. दुसऱ्या फोटोत फाटलेली नळी होती आणि तिच्या तोंडाशी दोन खाचा. त्या दिवसापासून जालिंदरने हातोडी हातात धरली नाही. तो आईच्या मेंढ्यांमागे फिरू लागला. आणि आज सकाळी अकराला त्या देशाच्या चौकशी समितीचा फोन येणार होता. व्हिडिओवर त्याची साक्ष होती.

सयाजी चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. बरोबर त्याचा ड्रायव्हर आदेश होता आणि आणखी एक दांडगा गडी. सयाजीने भिमाबाईच्या गुडघ्यांची चौकशी केली, चहाचा घोट घेतला, गूळ कमी पडला म्हणाला. मग जालिंदरकडे न बघताच बोलला.

"फोन दे, जालिंदर. उद्या नवा घेऊन देतो."

"फोन द्यायचा न्हाई."

"फाशी मला नाय व्हायची. आग तू लावलीस, तुझ्या हातानं."

"व्हय," जालिंदर म्हणाला. "तेच सांगायचंय मला."

सयाजीने कप खाली ठेवला आणि आदेशकडे पाहिलं. मेंढ्यांच्या राखणीच्या काळ्या कुत्र्याला ते सगळ्यात आधी समजलं. तो झेपावला, तसा आदेशने गाडीतून आणलेला लोखंडी पाइप त्याच्या कपाळात घातला. कुत्रं ओरडलंसुद्धा नाही. पाय झाडत फिरलं आणि चुलीच्या राखेत पडलं. पाइपचा दुसरा फटका जालिंदरच्या गुडघ्यावर बसला. तो खाली आला तो दांडग्याच्या अंगावरच, त्याच्या मनगटाचा चावा घेत. दोघे ढेकळांतून लोळले. दांडग्याने त्याचे केस धरून डोकं जमिनीवर आपटलं, एकदा, दोनदा, मग आदेशने त्याच्या छातीवर पाय दिला.

आशा मेंढ्यांच्या मधोमध खाली बसली होती. मेंढ्या बिथरून तिच्याभोवती गच्च दाटल्या होत्या. आदेश जाळी उपटून आत घुसला, पण लोकरीच्या त्या रेट्यात त्याला पाय टाकता येईना. तो दिसेल त्या मेंढीच्या पाठीत पाइप घालू लागला. कणे मोडल्याचा आवाज भिमाबाईला ओळखीचा होता, पण असा लागोपाठ तिने कधी ऐकला नव्हता.

"फोन राहू दे," सयाजी ओरडला. "याची बोलतीच बंद करतो."

त्याने चुलीचा दगड उचलला, भाजणारा दगड धोतराच्या सोग्यात धरला, आणि जालिंदरच्या तोंडावर घातला. जबडा फुटला. दात आणि रक्त मातीत सांडलं. सयाजीने दगड पुन्हा वर नेला.

भिमाबाईच्या हाताला लोकर कातरायची कात्री लागली. सत्तर वर्षं मेंढरं धरलेला तिचा डावा हात आपोआप सयाजीच्या कानावर गेला, मुरगळून घट्ट बसला, आणि उजव्या हाताने कात्रीची पाती मिटली. सयाजी असा किंचाळला की पलीकडच्या उसात लपलेले मोर उडाले. दगड त्याच्याच पायावर पडला. कानाचा तुकडा भिमाबाईच्या मुठीत राहिला.

"कोकरू मागत व्हतास ना रे," ती म्हणाली. "ये. अजून एक कान हाय."

ती कात्री पुढे धरून त्याच्याकडे चालत गेली. तेवढ्यात रानाचा मालक गेणभाऊ चार गडी आणि कुऱ्हाडी घेऊन बांधावरून धावत आला. आदेशने सयाजीला गाडीत कोंबलं. गाडी मेलेल्या कुत्र्यावरून गेली आणि धुरळ्यात दिसेनाशी झाली.

गेणभाऊ आळेफाट्याच्या दवाखान्यासाठी जीप आणायला पळाला. आशाने पदर फाडून जालिंदरचा जबडा डोक्याशी बांधला. पदर लगेच लाल झाला. त्याला बोलता येत नव्हतं, नाकातून नुसता घुर्र आवाज येत होता. तेवढ्यात आशाच्या चोळीतला फोन वाजला.

पडद्यावर कोटातली तीन माणसं होती आणि पुण्याची एक दुभाषी बाई. तिने जालिंदरचा चेहरा पाहिला आणि कोटातल्या माणसांशी काही बोलली. मग विचारलं, साक्ष आज घ्यायची की पुढे ढकलायची?

जालिंदरने मान हलवली. पुढे नाही. त्याने आईकडे पाहिलं, आणि रक्ताने चिकटलेलं बोट मेंढ्यांकडे केलं.

भिमाबाई उठली. मोडलेल्या मेंढ्या ओलांडत ती आत गेली आणि कोपऱ्यातली लंगडी म्हातारी मेंढी ओढून फोनपुढे घेऊन आली. तिने कान पसरून धरला. तिच्या बोटांवर सयाजीचं रक्त वाळत होतं.

"ही वरची खाच आमच्या घरची. खालची दुसरी पडली की मेंढरू रोगट, ते कुणाला द्यायचं न्हाई. नळीवर हीच खूण हाय बघा. माझ्या लेकानं पाडली. सयाजीला दाखवून पाडली."

पलीकडे कुणीतरी नळीचा फोटो पडद्यावरच्या मेंढीच्या कानाशेजारी धरून पाहिला. कोटातल्या एकाने हळू काही विचारलं. दुभाषी बाईने ते मराठीत सांगितलं.

"ते विचारताहेत, आजी, बॉयलर पेटवताना तुमच्या मुलाला ही खूण दिसली होती का?"

बांधावर जीपचा हॉर्न वाजला. आशाने सासूचा हात घट्ट धरला आणि नकारार्थी मान हलवू लागली. भिमाबाईने जालिंदरकडे पाहिलं. तो जमिनीवर आडवा होता, एक डोळा सुजून मिटला होता. दुसरा आईवर रोखलेला होता. त्याने तो एकदाच मिटला आणि उघडला.

"दिसली व्हती," भिमाबाई म्हणाली. "हे पण लिवा."