फादर इनासांच्या कानाशी

‘पाप एकदा केलं, आता बोंबलून गावाला सांगायचं,’ हौसा गुडघे टेकता टेकता पुटपुटली. फादर इनासांना ते ऐकू गेलं नाही. मला गेलं.

मी एक जुनी लाकडी जाळी आहे, मित्रांनो. भिवंडीत, कामतघरच्या चाळींमागच्या लहानशा चर्चमध्ये फादर माझ्या अलीकडे बसतात आणि पापांची कबुली देणारं माणूस पलीकडे. कोण काय बोललं ते मला विचारू नका. मला भोकं असली तरी मी गळकी नाही.

भंगारात निघालेल्या लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मागाच्या, लाकडातून दौलत सुताराने मला घडवलं. तेव्हा लोक कौतुकाने माझ्यावरून हात फिरवायचे. आता धूळसुद्धा कोणी पुसत नाही. असो. फादर तेव्हा तरणे होते. धडधडत्या लूमशेजारी उभं राहून कामगारांची विचारपूस करायचे, वर्षानुवर्षं. त्या धडधडीने त्यांचे कान खाल्ले. हे साऱ्या चर्चला ठाऊक, फक्त फादरांना नाही. लोक आपले ओरडून बोलायचे, आणि मोठी पापं घरीच ठेवून यायचे. फार तर ‘मांजराला लाथ मारली’. फादरांना वाटायचं, कामतघर सुधारलं!

दोन हजार सहा साली वरिष्ठांनी त्यांना विचारलं, इथेच राहता की जव्हारच्या डोंगरात नवं मिशन उघडता? रविवारी कळवा. झालं, फादरांची चुळबुळ सुरू. उठत, बसत, कपाळ माझ्यावर टेकत. येईल त्याला विचारत, ‘इथलं काम संपलं. जाऊ ना?’

‘देवाची इच्छा, फादर,’ असं म्हणून जो तो सटकायचा. मला तोंड असतं तर!

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण आपल्या माणसाला सांगायचं ते वेळेवर सांगा.

शनिवारी चर्च झाडणारी गुणाबाई आली. तिलाही तोच प्रश्न. ‘नका जाऊ, फादर,’ ती हळूच म्हणाली. फादरांनी मान डोलावली आणि सवयीने प्रायश्चित्त सांगितलं, ‘तीन वेळा नमो मारियाची प्रार्थना म्हण.’

गुणाबाई उठली. कधी कोणी करत नाही ते तिने केलं. मला वळसा घालून थेट फादरांपुढे उभी राहिली आणि ओरडली,

‘फादर, तुमाला ऐकू येत न्हाय! आमी काय सुधारलो न्हाय, मोठी पापं घरी ठिवतो. पन आमी लूमवाले, आमाला वरडायची सवय हाय. डोंगरातली मानसं हलू बोलतात. तिथं तुमच्यासाठी कोन वरडंल?’