येनेतांना दिसेल एवढं अक्षर

मरियमच्या चर्चची वेबसाइट वुदासेनं एकटीनं उभी केली, त्याला सोळा वर्षं होऊन गेली. त्या काळी अदिस अबाबातल्या कितीतरी कॉम्प्युटरांवर अम्हारिक अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटत. मग तिनं आणि शहरातल्या तिच्यासारख्या अनेकांनी एक पळवाट काढली होती. मजकूर सुबक अक्षरांत जुळवायचा, त्याचं चित्र करायचं आणि ते चित्रच पानावर चिकटवायचं. रोजचं वाचन, उपासाचे दिवस, सगळी चित्रंच. चौकटींची रुंदी-उंची तिनं फूटपट्टी लावल्यासारखी मोजून बसवलेली. लोक वाखाणत, आणि तिलाही ते मनातून आवडे.

त्या मापांचा जाच तिला कळला तो येनेता तिरफेंमुळे. येनेता म्हणजे गुरुजी. चर्चच्या आवारात चटईवर बसवून त्यांनीच तिच्याकडून दोनशेच्या वर अक्षरं घोकून घेतली होती. आता प्रार्थना संपली की झाडाखाली जमलेल्या बायाबापड्यांना ते त्या दिवसाचं वाचन वाचून दाखवत. स्तोत्रं त्यांना तोंडपाठ, पण अर्थ उलगडणारं हे वाचन रोज नवं. डोळे अधू झाले, छापील पुस्तक सुटलं, तेव्हा नातीनं फोन दिला आणि त्यातली अक्षरं मोठी करून ठेवली. घड्याळ मोठं झालं, निरोप मोठे झाले, वुदासेचं पान मात्र तसूभर हललं नाही. चित्र ते चित्रच. दोन बोटांनी ताणलं तर ओळ पडद्याबाहेर जाई. बोटानं ओढत तिच्या टोकापर्यंत जावं आणि परत यावं, तोवर कुठली ओळ वाचत होतो तेच हरवलेलं.

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. फिलसेताचा सोळा दिवसांचा उपास तोंडावर आला होता. या खेपेपासून वाचन दुसऱ्या कुणाकडे द्यावं म्हणतो, एवढंच ते बोलले. तिनं कारण विचारलं तेव्हा त्यांनी फोन पुढे केला. आपलंच पान आपल्या गुरूला गप्प बसवतंय, हे वुदासेला तेव्हा दिसलं.

कचेरीत तिच्यासोबत फ्रेहिवोत नावाची मुलगी काम करी. वयानं निम्मी, जिभेनं दुप्पट. तिनं पानाचा कोड उघडला आणि बराच वेळ तो नुसता खाली खाली सरकवत राहिली.

“एत्ये,” ती म्हणाली. थोरल्या बहिणीला मारावी तशी ही तिची हाक. “हे पान आहे का शवपेटी? मेलेल्याचं माप घेऊन लाकूड कापल्यासारखं सगळं कापलंय.”

वुदासे हसली नाही. मापं सोडून दिली तर पान सांभाळणार कोण, असं तिचं म्हणणं. फ्रेहिवोतनं तिला शांतपणे समजावलं. ब्राउझर बनवणारे आता एकत्र बसून नियम ठरवतात, त्यामुळे एकदा लिहिलेलं बहुतेक ठिकाणी सारखंच चालतं. अक्षर केवढं हवं ते वाचणाऱ्याच्या फोनला विचारायचं. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या उंचीवरून घ्यायचं. आपल्या वाट्याला किती जागा आली ते पाहून चौकट स्वतःची मांडणी बदलते. आणि एखाद्या जुन्या फोनला नवा नियम कळला नाही, तर तो त्याला ओलांडून पुढे जातो. मजकूर साधा दिसतो, पण दिसतो.

वुदासेनं जुनं पुसायला घेतलं. ही युक्ती अमक्या ब्राउझरसाठी, ती तमक्या फोनसाठी. एकेक करत नऊशे ओळींच्या सत्तर उरल्या. चित्रांमागचा मूळ मजकूर मात्र एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरबरोबर केव्हाच गेला होता. म्हणून रोज सकाळी प्रार्थना करून, काही न खाता, चित्रांकडे बघत तिनं सोळाही दिवसांची वाचनं पुन्हा टाइप केली.

उपासाच्या आदल्या दिवशी ती येनेतांकडे गेली. ओळी आता पडद्याबाहेर जात नव्हत्या, अक्षरंही वाढली होती. येनेतांनी फोन नाकाशी नेला, दोन ओळी कशाबशा वाचल्या आणि बरं झालंय म्हणाले. शिष्यानं चुकीचं म्हटलं आणि त्याचं मन मोडवेना, की ते असंच बरं म्हणत.

तिनं खरं ते सांगून टाकलं. अक्षर एका हद्दीपलीकडे वाढू नये, अशी एक ओळ तिनंच कोडात घातली होती. पान बेढब दिसू नये म्हणून.

“बेढब कुणाला दिसेल, पोरी?” येनेता म्हणाले. “मला तर काहीच दिसत नाही.” आणि स्वतःच हसत सुटले.

तिथंच भिंतीला टेकून तिनं फ्रेहिवोतला फोन लावला आणि ती ओळ काढायला सांगितली. पलीकडून फूटपट्टी एकदाची मोडली का, अशी विचारणा झाली. हो म्हणायला वुदासेला जड गेलं नाही.

येनेतांनी पान पुन्हा उघडलं. एका ओळीत जेमतेम तीन शब्द मावत होते. फोन नाकापासून दूर गेला, हात मांडीवर टेकला. ओठ आधी नुसतेच हलले, मग आवाज फुटला.

दुसऱ्या दिवशी झाडाखाली नेतेला नावाच्या पांढऱ्या सुती शाली डोक्यावरून पांघरून बायका बसल्या होत्या. येनेतांनी वाचन सुरू केलं आणि न अडखळता संपवलं. अंगठा तेवढा सावकाश वर सरकत होता. शेवटी आशीर्वादासाठी हातातला क्रॉस उचलला आणि ते थांबले. हे ज्यांनी केलं त्यांची बाप्तिस्म्याची नावं सांग, त्यांच्यासाठी मागायचंय, असं त्यांनी वुदासेला सांगितलं.

फ्रेहिवोतचं तिनं सांगितलं. तिचं स्वतःचं त्यांना ठाऊकच होतं. पण बाकीचे? ते नियम ठरवणारे देशोदेशी विखुरलेले. एकेका नियमासाठी वर्षानुवर्षं वाद घातलेले, आणि मग तो सगळ्यांना फुकट देऊन टाकलेले. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही, असं तिनं सांगितलं.

“नसू देत नावं,” येनेता म्हणाले. “न पाहिलेल्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांची ज्यांनी काळजी केली ते, असं म्हणतो. देव ओळखेल.”

आणि त्यांनी तसंच म्हटलं. बायकांनी आमेन म्हटलं. वुदासेनं नेतेला कपाळावर ओढून घेतला आणि त्यांच्या पाठोपाठ, हळूच, आपलंही म्हटलं.