कल्ल्यातली धुगधुगी

उत्तरेचा वारा तीन दिवस हटला नाही, आणि चौथ्या सकाळी खाडीभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगू लागले. स्नूक म्हणजे आपल्या जिताड्याचाच भाऊबंद. थंडी त्याला सोसत नाही.

ॲमॉस टिलिस सत्तावीस वर्षं या पाण्यात पाहुण्यांना फिरवत होता. हलकी गळकाठी, केसासारखी दोरी, आणि धरलेला मासा परत पाण्यात, असा त्याचा धंदा. आज पाहुणे नव्हते. तो एकटाच निघाला होता, कांदळवनाच्या पोटातला कोमट डोह पाहायला. तिथे तळातून ऊन पाणी झिरपे, आणि थंडीत मोठ्या माद्या तिथेच गोळा होत. त्या वाचल्या तर खाडी वाचली. ही जागा त्याने एकालाच दाखवली होती. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी थोरल्या ऑरिनच्या फुप्फुसांपुढे हात टेकले, तेव्हा ॲमॉसने भावाला इथे आणून त्याच्या हातून एक मासा सोडवला होता. ऑरिन त्या दिवशी लहान मुलासारखा रडला होता.

यंदा डोहही गारठला होता, आणि त्याच्या तोंडाशी ऑरिनचीच होडी होती. पेटीत वीसेक माद्या, पोटं साफ करून नीट रचलेल्या.

"आलास? बरं झालं," ऑरिन खोकत म्हणाला. "रविवारी चर्चच्या जेवणाला मासे माझ्याकडून, असं पाद्रीबाबांना सांगून बसलोय. जन्मभर त्यांच्या पंगतीत फुकट जेवलो. मेलेल्या आहेत, वाया कशाला घालवायच्या?"

ॲमॉसने तरंगणारी एक मादी जवळ ओढली, कल्ल्यात बोट घातलं आणि मनात चाळीस मोजले. एक ठोका आला. आणखी चाळीस, आणखी एक. मग त्याने ऑरिनचा हात धरून तिथे ठेवला. प्रार्थनेत हलावेत तसे ऑरिनचे ओठ हलत राहिले, आणि मधेच थांबले.

"पहिली कापली तेव्हा रक्त आलं होतं," तो म्हणाला. "थंडीने पातळ राहिलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली."

"चाळीस वर्षं मासे साफ करतोयस, ऑरिन."

"म्हणून तर सांगतोय."

पलीकडे काळ्या चिखलाचा उथळ भाग होता. तिथे उन्हाने पाणी आधी तापायचं. उरलेल्या तिसेक माद्या दोघांनी तिकडे ओढत नेल्या. ऑरिन कमरेएवढ्या पाण्यात उतरला. मादी दोन्ही हातांत उभी धरायची आणि कल्ल्यांतून पाणी जाईल अशी पुढे सरकवत राहायची. ॲमॉसने त्याला बाहेर यायला सांगितलं, विनवलं, शेवटी दरडावलंही.

"डॉक्टरने मला उन्हाळा दिलेलाच नाही," ऑरिन म्हणाला. "तू गप, पुढची दे."

पहिली हातातच गेली. दुसरीही. दुपारी एकीने शेपटीचा फटका दिला आणि ती गढूळ पाण्यात दिसेनाशी झाली. ऑरिन हसला नाही. "पुढची," एवढंच म्हणाला. दिवस कलेपर्यंत चार सुटल्या. पेटीतल्या वीस ॲमॉसने परत पाण्यात टाकल्या, खेकड्यांसाठी. त्या पंगतीत वाढायचं कुणाच्याच मनात राहिलं नव्हतं.

रविवारी चर्चात घेवडा आणि मक्याची भाकरी झाली. ऑरिन तापाने अंथरुणाला खिळला होता. पाद्रीबाबा भेटायला आले, प्रेमाने जवळ बसले आणि मासे राहिले तर राहिले, देव मन पाहतो, असं म्हणाले.

"चार सुटल्या," ऑरिन पुटपुटला.

पाद्रीबाबांना वाटलं, हा तापात बरळतोय. ॲमॉसने खाली पाहिलं.

अकराव्या दिवशी पहाटे खोकला थांबला. ॲमॉसने भावाच्या मानेशी बोट ठेवलं आणि मोजायला लागला. चाळीसवर काही आलं नाही. त्याने बोट तसंच ठेवलं आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.