सुभाषची घाई

‘खारवट’ या रॉक बँडचा ड्रमर सुभाष म्हात्रे ठेका नेहमी जरा आधीच गाठायचा. काशीमीऱ्याच्या गोडाऊनमध्ये तालीम चालायची, आणि धृपद यायच्या आत या गड्याचा हात पडलेला असायचा. समीक्षकांनी तेव्हा त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. पोरं मात्र त्या घाईवरच फिदा होती.

वीसेक वर्षांनी बँडचं नवं गाणं आलं. शांती नगरच्या घरात सुभाषची मुलगी कृतिका मोबाइलवरून त्याला परीक्षण वाचून दाखवत होती, ती मध्येच थांबली.

"वाच की."

"गाणं छान, आवाज छान." मग तिने मान खाली घातली. "पण ड्रम निर्जीव आहेत म्हणे. सुभाष यांची घाई कुठे गेली? आता त्यांनी थांबावं, असं लिहिलंय."

सुभाषला ते फार लागलं. त्याने गाणं पुन्हा लावलं. आधी आनंदाच्या भरात नुसतंच ऐकलं होतं, आता फक्त आपला हात शोधला. एकेक ठोका कसा मोजूनमापून पडत होता. हा आपला हात नव्हेच, हे कळलं तेव्हा त्याला राग आला, आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

रिक्षा करून तो तडक गिटारवाल्या जितेंद्रच्या घरी गेला. रेकॉर्डिंगचं सगळं काम तोच बघायचा.

"माझं काढून मशीन लावलंस ना?"

"हो," जितेंद्र म्हणाला.

"वाजवणार मशीन आणि शिव्या खाणार मी? माझं लाव."

"राहू दे रे, सुभ्या."

"लाव म्हणतोय ना."

सुभाषने हेडफोन चढवला. सुरुवात बरी होती. धृपद जवळ आलं तसा सवयीने त्याचा पाय आधीच आपटला. कानातला ठोका मात्र मागून आला, गिटार पुढे निघून गेल्यावर. पुढच्या धृपदालाही तेच. जिथे तो सगळ्यांच्या आधी पोचायचा, तिथे आता धापा टाकत मागून येत होता.

"आठवडाभर एकेक ठोका पुढे सरकवत बसलो होतो," जितेंद्र म्हणाला. "नाही जमलं. तुला सांगायला तोंड नव्हतं."

सुभाषने हेडफोन काढून वायर नीट गुंडाळली. "पुसून टाक."

"त्या परीक्षणवाल्याला कळवतो मी, की ते मशीन होतं. उगाच तुझं नाव खराब होतंय."

"नको," सुभाष म्हणाला. "मग लोक माझं ऐकायला मागतील."