रोलीचा कच्चा आवाज

अरे ऐका ना, काय हसायचं ते आत्ताच हसून घ्या, नंतर नको. आमच्या आजोबांचा बँड तुम्हाला ठाऊकच आहे, 'पेल ऑर्चर्ड'. हो, तेच ते! कमरेपर्यंत केस, पडद्याच्या कापडाचे झगे, आणि गाणं एवढं लांब की मधे उठून चहा करून आलात तरी ऑर्गन आपला चालूच. मीही लहानपणी कानात बोटं घालून बसायचे. पण चौऱ्याहत्तर साली त्यांची ती 'नावाडी' नावाची तबकडी आली, आणि तिच्यावर जीव टाकणारी माणसं आजही आहेत, अगदी लग्नात वाजवणारी!

गोष्ट साधी आहे. सेव्हर्न नदीवरचा एक नावाडी आयुष्यभर लोकांना या काठावरून त्या काठाला नेतो, आणि शेवटच्या गाण्यात एके दिवशी दोर सोडून देतो. नाव समुद्राकडे जाते, काठावरची माणसं हाका मारतात, आणि तबकडी संपते. बस. पुढे काय? कुणालाच माहीत नाही. पन्नास वर्षं लोक विचारतायत. आजोबांना तर दातांच्या डॉक्टरनं, तोंडात यंत्र घालून वर विचारलं होतं, "सेड्रिक, तो परत आला का हो?" आता काय सांगणार, आ वासलेला माणूस!

मग बास गिटार वाजवणारे डग्लस गेले. दफन झाल्यावर सगळे हॅमचे सँडविच हातात धरून उभे होते, तेव्हा रोली म्हणाला, "आता त्या नावाड्याला परत आणू या. आपण सगळे जायच्या आत." रोली म्हणजे रोलंड पास्क, त्यांचा गाणारा. पंच्याहत्तरीच्या पुढचा आहे, पण त्याला 'अहो-जाहो' केलं तर तो मागे वळून बघतो की कुणाला बोलतेय ही. तर डग्लसचा बास माझ्या गळ्यात पडला. खरंच गळ्यात, वासराएवढा जड आहे तो.

नव्या तबकडीचं रेकॉर्डिंग आयव्हरच्या कोठीत. आयव्हर म्हणजे ऑर्गनवाला, लडलो गावाच्या बाहेर राहतो, कोठीत पूर्वी सफरचंदं साठवायचे, अजून भिंतीला वास येतो. स्वेटरची बटणं कायम एक घर चुकलेली. आणि त्याचं ते टेपचं जुनं धूड! कॉम्प्युटर नको म्हणतो. "त्याच्यावर पुसलेलं परत येतं. ते काय पुसणं झालं?"

हे पुसणं नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच झालं.

त्यांची एक पद्धत आहे. आधी सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांची तोंडं बघत वाजवायचं. माइक प्रत्येकाचा वेगळा, टेपवर पट्टीही वेगळी, म्हणजे एकाचं पुसलं तरी बाकीच्यांचं राहतं. रोली ड्रमच्या शेजारी उभा राहतो, कारण सात मात्रांचा ठेका कुठे वळणार ते ड्रम वाजवणारे आजोबा त्याच्या खांद्यावरून ओळखतात. तेव्हा रोली जे गातो तो कच्चा आवाज. शब्द नसतातच, तोंडाला येईल ते, भाजीची नावं, बसचे नंबर. आणि तो कच्चा आवाज त्याच दिवशी पुसायचा. संध्याकाळी आयव्हर बटण दाबणार, बाकीचे सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, पेले उंच करणार. कारण एकदा कच्च्याच्या प्रेमात पडलं की पक्कं कधी होत नाही, असं त्यांचं म्हणणं. कधी एकदा पडले असतील, कुणास ठाऊक. पण पन्नास वर्षं नियम म्हणजे नियम.

तर सगळी गाणी झाली, शेवटचं तेवढं राहिलं. नावाड्याचं परत येणं. रोलीला शब्दच सुचत नव्हते. "इतक्या वर्षांनी येऊन माणूस बोलणार काय गं?" मला विचारायचा. "सॉरी म्हणणार?" आणि तेवढ्यात त्याच्या घशात गाठ निघाली. वाईट गाठ. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारनंतर रोली जगेल, चहा पिईल, पण आवाज नाही. कधीच नाही. आणि गाणं बाकी.

बुधवारी दुपारी आम्ही उभे राहिलो. आजोबा म्हणाले, "रोली, आज तरी सुरात गा."

"तू आज तरी ठेक्यात वाजव, म्हाताऱ्या. सवय लागेल."

सुरू झालं. रोलीनं नेहमीसारखं "लोणच्यातले कांदे, मंगळवारची बस" असलं काहीतरी धरलं. मी मनात मात्रा मोजतेय, कारण चुकले तर आजोबा काडी फेकून मारतात. आणि मधेच, तिसऱ्या फेरीला असेल, त्याचा खांदा खाली आला. आजोबांनी मान वर केली. कांदे गेले, बस गेली, आणि शब्द यायला लागले. खरे शब्द! नावाडी आला होता. काठावर उभा राहून कुणाशी तरी बोलत होता, हळूहळू, जसं कुणी दारातच उभं राहून बोलतं, आत येऊ का असं न विचारता. माझ्या अंगावर काटा आला, आणि तरी हात वाजवतोय, डोकं मोजतंय, सात, सात, सात. म्हणून माझ्या लक्षात शब्द राहिले नाहीत हो. कुणाच्याच राहिले नाहीत. सगळे वाजवत होतो ना!

संपलं. आयव्हरनं चष्मा काढून स्वेटरला पुसला. मी ओरडलेच, "हाच ठेवा! हाच, हाच!"

"अगं वेडे," रोली म्हणाला, "शेवटच्या ओळीला घरघर ऐकलीस ना? त्या बिचाऱ्यानं पन्नास वर्षांनी यायचं आणि ते खाकरत?" धाप लागली होती त्याला, पण चेहरा काय खुलला होता! "सापडलं मला. सकाळी गळा ताजा असतो. उद्या नीट गातो. आयव्हर, पूस."

आयव्हर हललाच नाही. "रोली, शुक्रवारी…"

"शुक्रवार परवा आहे. मधे गुरुवार येतो, शाळेत शिकवलं नाही तुला?"

आजोबा म्हणाले, "राहू दे की रे आजच्या दिवस."

"का? मी संपलो म्हणून?" रोलीचा आवाज चढला. "माझ्यासाठी नियम मोडायचा असेल तर सरळ सांगा, मी आत्ताच घरी जातो. नाही तर पूस."

आयव्हरनं बटण दाबलं. टेप फिरली. आम्ही पेले उंच केले, रोलीनं सगळ्यात उंच.

गुरुवारी सकाळी तो आला तो गळ्याला मफलर गुंडाळून. माइकपुढे उभा राहिला, तोंड उघडलं आणि नुसती हवा. सायकलच्या पंपासारखी. मध झाला, गरम पाणी झालं, आयव्हरच्या बायकोनं वाफेचं भांडं आणलं. परत हवा. आजोबा काड्या हातात धरून बसलेत, मी बास गळ्यात घालून. तो हात वर करायचा, म्हणजे सुरू करा, आम्ही सुरू करायचो, आणि जिथे त्यानं यायचं तिथे कुणीच नाही. दुपारी त्यानं कोट घातला आणि बाहेर गाडीत जाऊन बसला. आजोबा गेले मागून. दोघं नुसते समोर बघत बसले होते, गाडी बंद, काचा धुरकटलेल्या.

शुक्रवारी झालं ऑपरेशन.

पुढे आम्ही सगळे त्या गाण्याचं नाव काढायचं टाळायचो. मग एकदा मला त्यातलं माझं बासचं वाजवणं टेपवर दुरुस्त करायचं होतं, म्हणून आयव्हरकडे बसून मी नुसते आजोबांचे ड्रम कानाला लावले. आणि झांजांच्या मागे कुणीतरी गातंय! अरे, रोली शेजारीच उभा होता ना! ड्रमच्या माइकात शिरला होता. पुसला तो त्याचा माइक, हा राहिलाच! मी अशी किंचाळले की आयव्हर शिडीवरून उतरताना पडता पडता वाचला.

आयव्हरनं लगेच लंडनच्या कुणाकडे तरी पाठवलं. कॉम्प्युटरनं आवाज वेगळा काढून देतात म्हणे. दिला काढून. डब्यात कोंडलेल्या माशीसारखा. शब्द तरीही कळेनात. मग मी म्हटलं, रोलीलाच विचारू. तो शब्द लिहून देईल, मी गाईन, नाही तर कुणीतरी गाईल. निदान नावाडी काय म्हणाला ते तरी कळेल.

तो आला. गळ्याला मऊ रुमाल, हातात लहान मुलांची असते तसली पाटी. आजोबा म्हणाले, "ये रे, आता तरी मला मधे न तोडता बोलू दे." रोलीनं त्यांना पाटीनं मारलं. मग मी शब्दांचं विचारलं. त्यानं खडू धरला. एक ओळ लिहिली, पुसली. परत लिहिली, पुसली. शेवटी लिहिलं, 'आठवत नाही.' आणि खाली, 'उद्या पुन्हा येतील वाटलं होतं.'

आयव्हर उठून खिडकीशी गेला. त्याचे खांदे हलत होते. रोलीनं त्याच्या दिशेनं खडू फेकला, आणि टेपकडे बोट केलं. लाव.

कुठलं, ते माशीवालं? नाही. नुसते ड्रम.

लावलं. आम्ही चौघं स्पीकरला चिकटून.

"दार म्हणतोय," आयव्हर म्हणाला. "'दार लोटू नका.'"

"दार कुठलं? आई म्हणतोय तो," आजोबा म्हणाले.

"सेड्रिक, तुझे कान केव्हाच गेलेत."

"मी त्याच्या शेजारी बसलो होतो, बावळटा!"

मला तर 'पाणी' ऐकू आलं. की 'पाहुणी'. दोघं माझ्यावरही ओरडले. आणि रोली, ज्याचं गाणं, तो डोळे मिटून, कान अगदी जाळीला लावून ऐकत होता, ओठ हलवून बघत होता, हा शब्द बसतो का, तो बसतो का. शेवटच्या ओळीला झांज आली आणि सगळंच बुडालं. त्यानं आमच्याकडे बघून मान हलवली. त्यालाही कळलं नव्हतं.

"माझ्या झांजेनं खाल्लं रे तुला," आजोबा म्हणाले.

रोली हसला. म्हणजे खांदे हलले, आवाज नाही. मग त्यानं एक बोट वर केलं. पुन्हा. आयव्हरनं टेप मागे घेतली.