न मागितलेला खुलासा

प्रांजलीचं नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात पहिलंवहिलं व्याख्यान होतं आणि ते ऐकायला सासरे दिलीपराव झूटरमेरहून तिच्याबरोबर निघाले होते. पुण्यातली वकिली सोडून नवऱ्याच्या व्हिसावर आलेली सून पुन्हा कायद्यावर बोलणार, याचं घरात सगळ्यात जास्त कौतुक त्यांनाच. त्यात विषय रेल्वेचा. जन्म मध्य रेल्वेत काढलेल्या माणसाला आणखी काय हवं?

गाडीत तिने त्यांना खटला सांगितला. अमेरिकेतल्या एका जोडप्याला अपघाताच्या भरपाईपोटी रेल्वे कंपनीने जन्मभराचा फुकट पास दिला. पुढे फुकट पासांवर बंदी घालणारा नवा केंद्रीय कायदा आला, कंपनीने पास बंद केला, जोडपं केंद्रीय कोर्टात गेलं.

"मग? जिंकले?"

"नाही ना बाबा. १९०८ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा खटला केंद्रीय कोर्टात चालूच शकत नाही. यांची मूळ तक्रार करार मोडल्याची. कंपनी कायद्याकडे बोट दाखवेल, म्हणून यांनी दाव्यातच आधी त्याला उत्तर देऊन ठेवलेलं. तेवढ्यावर केंद्रीय कोर्टाला अधिकार मिळत नाही."

थोड्या वेळाने ती टॉयलेटला जाऊन आली, तर कंडक्टर सीटपाशी उभी आणि तिच्या हातात दिलीपरावांचा भारतीय रेल्वेचा निवृत्तांचा पास! ते तिकिटाऐवजी पासच दाखवतायत, असं प्रांजलीला वाटलं. घाबरली की तिचं डच पळून जायचं, म्हणून ती इंग्रजीतच सुटली. "सॉरी, हे माझे सासरे. वय झालंय, त्यांना इथलं काही कळत नाही. आम्ही फुकट फिरणारी माणसं नाही हो!"

कंडक्टर गोंधळली. "तिकीट मघाशीच दाखवलं त्यांनी. पास मीच बघायला मागितला. माझे वडीलही रेल्वेत होते."

तिने पास अदबीने परत दिला आणि ती पुढे गेली. दिलीपरावांना इंग्रजी उत्तम येत होतं. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

प्रांजलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही माफी तिच्या तोंडात कायम तयार असायची, सुपरमार्केटात, डॉक्टरकडे, गेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, खिडकीवर. आज तिने त्यासाठी आपलाच माणूस पुढे केला होता. "सॉरी बाबा," ती दोनदा म्हणाली. "असू दे गं," ते म्हणाले.

मास्ट्रिख्टला उतरल्यावर ते फलाटावरच्या बाकावर बसले.

"तू जा. मी इथेच गाड्या बघत बसतो."

"बाबा, तुमच्यासाठी पुढची खुर्ची ठेवलीय."

"नको बाळ." आवाजात राग असता तरी तिला बरं वाटलं असतं. "मला काही कळत नाही, हे तिथे पुन्हा सगळ्यांना सांगत बसावं लागेल तुला."